भुरीचे केस

अण्णा गेले तेव्हा घरात त्यांची मांजर भुरी तेवढी उरली. मी पुण्याहून आलेली, पाहुणीच.

आई गेल्यावर चार महिन्यांनी भुरी त्यांना नाशिकरोडच्या भाजीबाजारात सापडली होती. मी दोन महिन्यांतून एकदा यायची. एरवी फोन. फोनवर अण्णा तिच्याबद्दलच बोलायचे. "आज दोघंही पोटभर जेवलो," म्हणाले की मला बरं वाटायचं.

दर महिन्याला ते तिला वर्तमानपत्रावर बसवून कात्रीने केस बारीक करत. प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस, हात अजून स्थिर. एकदा डिसेंबरात मी म्हटलं, "अण्णा, नाशिकची थंडी, आणि तुम्ही हिला उघडी करता?" "जटा होतात," एवढंच ते म्हणाले. जुन्या स्वेटरची बाही कापून त्यांनी तिला अंगरखा केला होता.

दिवाळीनंतर ते गेले. वत्सलाआत्याने पहिल्याच दिवशी घरातल्या कात्र्या उचलून कपाटात ठेवल्या. सुतकात कुणाच्या केसांना कात्री लागायची नाही. दहाव्याला चुलतभावाने मुंडण केलं, तेरावा झाला, आत्या नांदगावला परतली. कंपनीने मला घरून काम करायची मुभा दिली. भुरीचे केस कापायचं माझ्या मनातच आलं नाही. तिला मांडीवर घेऊन बसलं की अण्णांनी हात फिरवलेली एक तरी गोष्ट अजून ऊबदार आहे, असं वाटायचं. तेवढ्यावर दिवस जायचा.

होळीच्या सुमारास खालच्या मजल्यावरची शुभांगी साखर मागायला आली आणि दारातच थबकली.

"अगं, ही तुमची भुरी? ही तर पर्शियन आहे! दुकानात काचेमागे असतात तसली."

"भाजीबाजारातली आहे ती."

"भाजीबाजारात कोथिंबीर मिळते बाई, पर्शियन नाही. अण्णांनी म्हशीसारखी भादरून ठेवली होती, कळणार कसं?"

मी हसले. ती गेल्यावर भुरीकडे नीट पाहिलं. मानेभोवती केसांचा झुपका, शेपटी पिसाऱ्यासारखी. चपट्या नाकाबद्दल अण्णा सांगायचे, लहानपणी दारात चेंगरलं असेल. ही कुणाची तरी हरवलेली असेल, तर तिला परत मागायला कुणीतरी येऊ शकतं. त्या विचाराने मला दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी, ती कुणाचीच नाही हे ऐकायला, मी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला उलटंपालटं करून पाहिलं. "पर्शियनच. पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशनही झालेलं आहे. हा टाक्यांचा व्रण. केस कापताना तुमच्या वडिलांना दिसला असणार."

टेबल पुसणारा झुंबर, तिथला जुना कंपाउंडर, जवळ आला. "ही पुंजाकाकांची ना, तुमच्या वडलांची? काका आलते की इथं, झाली असतील अडीच वर्सं. त्या वक्ताला बोर्डावर हिचा कागद लावेल होता, हरवली म्हणून, फोटोसकट. काका लय वेळ उभे राह्यले. मग म्हणले, आमची नाय ही. दुसऱ्या दिशी परत आले. ते गेले अन् कागद बी गेला."

"कुणी लावला होता?"

"देवळाली गावच्या एका म्हाताऱ्या आजींनी. त्यांच्या पोराचा नंबर वहीत हाय."

घरी आल्यावर बराच वेळ मी फोन समोर ठेवून बसले. अण्णांनी आयुष्यात दुसऱ्याची पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती. मी दर आठवड्याला आले असते, तर त्यांनी तो कागद काढला असता का, हे आता कुणाला विचारू?

शेवटी फोन लावला. मुलाचं नाव रविराज. मी मांजराचं वर्णन सांगितलं.

मग तो म्हणाला, "डाव्या कानात काळा ठिपका आहे?"

"आहे."

"मोहिनी. आईची. कुठं सापडली, ताई? कधी?"

इथे खरं सांगायचं होतं. अडीच वर्षं, असं म्हटलं की पुढे अण्णांचं नाव येणार होतं.

"परवा," मी म्हणाले. "आमच्या जिन्यात."

"बघा. आई मागच्या वर्षी गेली. आधी सारखी म्हणायची, मोहिनी कुणाच्या तरी घरात आहे, सुखात आहे. आम्ही समजूत घालायचो, आई, इतके दिवस घरात ठेवून कुणी कळवणार नाही का? इतकी वाईट नसतात माणसं. तिला ते पटलं. शेवटी मोहिनी मेली असंच धरून चालली होती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. रविराज बोलतच होता.

"आता आमच्याकडे तिला सांभाळणारं कुणी नाही. तुम्हीच ठेवा. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं."

त्याने फोन ठेवला. भुरी आता माझी होती. ती येऊन मांडीवर बसली, आणि मला तिच्या अंगावरून हात फिरवता येईना.