स्मारकावरची कोरी जागा

लढाईत पडलेल्यांच्या स्मारकावर पाथरवटाने शेवटचं नाव कोरलं, आणि त्याची नजर खाली उरलेल्या कोऱ्या दगडावर गेली. लढाई अजून चालूच होती आणि त्याचा थोरला मुलगा तिकडेच होता. आराखड्यात ती जागा पुढच्या नावांसाठी मुद्दाम मोकळी सोडलेली होती.

"आराखडा गेला खड्ड्यात!" म्हणत त्याने छिन्नी उचलली आणि पार तळापर्यंत वेलबुट्टी कोरून काढली. नखाएवढीही जागा ठेवली नाही. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी गावचे प्रमुख आले. वेलीवरून हात फिरवत म्हणाले, "मिस्त्री, झकास झालंय काम! आता एवढं करा, दगडाची मागची बाजूही घासून गुळगुळीत करून ठेवा."