नदीकाठची बंद वाट

लव्हाळ्यात हात घालून तिने फाटकाचा आडवा दांडा बाहेर ओढला. कोणी तो भिरकावलेला नव्हता. नीट, जपून, वाटेला समांतर ठेवला होता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. रागाच्या भरात मोडून टाकला असता तर एक वेळ समजलं असतं. हा माणूस मात्र रोज पहाटे दोरीची गाठ सोडायचा, दांडा उतरवायचा, नदीकाठाने धावून यायचा आणि काही घडलंच नाही अशा थाटात घरी जायचा.

दांडा पुन्हा दोन्ही खुंटांवर चढवून तिने गाठ आवळली. वरची पाटी तिनेच रंगवलेली होती : ‘वाट बंद आहे. टिटव्यांनी अंडी घातली आहेत. कुरणातल्या वाटेने जावे.’ त्याखाली कोणीतरी खडूने ‘अभिनंदन’ असं लिहून ठेवलं होतं. तिने ते बाहीने पुसलं, पण खडूचा पांढरा फराटा राहिलाच.

नदीलगतचं हे राखीव रान तळहातासारखं सपाट. टेकडी नाही, चढ नाही, नजर अडेल असं मोठं झाडसुद्धा नाही. म्हणूनच धावणाऱ्यांची इथे गर्दी. त्यांच्या वाटा आखायच्या, गवत कापायचं, खांबांवरचे बाण रंगवायचे आणि वीण चालू असेल तेव्हा काठावरची वाट बंद ठेवायची, हे तिचं काम. काठावरची वाट सगळ्यांची लाडकी. पाण्याच्या कडेकडेने जाते. कुरणातली लांब आणि कंटाळवाणी. वाट बंद केली म्हणून ती स्वतःच सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली आणि लोकांनी तिचं नाव ठेवलं, फाटकवाली.

दांड्यापलीकडे ती जपून चालत गेली. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. चार खडे इकडचे तिकडे करते आणि उघड्यावर अंडी घालते. पहिलं घरटं शाबूत होतं. दुसऱ्या जागी चिखलात बुटाचा ठसा होता, त्यात टरफलं आणि वाळत चाललेला पिवळा बलक. डोक्यावर नर-मादी घिरट्या घालत कर्कश ओरडत होती. ती खाली बसली. तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

परत फिरली तेव्हा फाटकाजवळ पळणाऱ्यांचा घोळका अंग मोकळं करत उभा होता. पुढे नेहमीप्रमाणे घड्याळवाला. हा माणूस पायांपेक्षा मनगटाने जास्त धावतो असं ती म्हणायची. वाट बंद झाली त्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

“झालं समाधान?” ती म्हणाली. “अंडी तुडवलीत. लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?”

“कोणाला म्हणताय?”

“तुम्हालाच. आरसा आणून दाखवू का?”

घड्याळवाल्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

“मॅडम, तुम्ही पाहिलंय का मला दांडा काढताना? नसेल तर तोंड सांभाळा.”

दुपारी साहेबांचा फोन आला. घड्याळवाल्याची तक्रार पोहोचली होती. “लोकांशी भांडायला ठेवलेलं नाही तुम्हाला,” साहेब म्हणाले. “तुम्हाला वाट बंद ठेवता येत नसेल तर सरळ उघडून टाका. कागदावर बंद आणि पायाखाली उघडी, हा तमाशा मला नको. या आठवड्यात काय ते बघा.”

“साहेब, अजून घरटी आहेत—”

“बघा म्हणालो ना.”

संध्याकाळी जेवताना तिने भांडण आणि साहेबांचा फोन घरी सांगितला, तुडवलेल्या अंड्यांचं तेवढं ताटावर काढलं नाही. सांगताना पुन्हा तिचा आवाज चढला. बाबा खाली मान घालून जेवत होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. बसून बसून पाठ धरली म्हणून निवृत्त झाल्यावर धावायला लागला आणि मग त्याचंच वेड लागलं. रोज पहाटे, ती उठायच्या आत, त्यांची रानात एक फेरी होऊन जायची.

“लोक सवयीचे गुलाम असतात गं,” बाबा म्हणाले. “पाखरांचं काय, उडतील आणि दुसरीकडे बसतील.”

“अंडी उडत नाहीत, बाबा.”

आईने मध्येच विचारलं, “आणखी भात घालू का कोणाला?” तिघांच्याही ताटात भात होता.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या आधीच निघाली आणि फाटकाजवळच्या पाणकणसांच्या आडोशाला जाऊन बसली. आज चोर हाती लागला की त्याचा फोटो काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, घड्याळवाल्याला सगळ्यांसमोर उभं करायचं, असे मनातल्या मनात मांडे खात होती. पायांना मुंग्या आल्या. पूर्वेकडे जरा फटफटलं, नदीचं पाणी शिशासारखं चमकायला लागलं, आणि वाटेवर पावलं वाजली.

आलेला माणूस फाटकाशी थांबला. त्याने दांड्यावर हात ठेवला, हात सरकवत सरकवत खुंटापर्यंत नेला, गाठ चाचपली आणि सावकाश सोडवायला लागला. त्याच्या डोक्यावर तिनेच आणून दिलेली लोकरीची टोपी होती.

“बाबा!”

ते इतके दचकले की दांडा त्यांच्या पायावर पडला.

फोन तिच्या हातात तसाच राहिला. बोलायला लागली तेव्हा तिला आपलाच आवाज ओळखू येईना. “काल माझ्यासमोर बसून जेवलात तुम्ही. मी त्या माणसाला नाही नाही ते बोलले, नोकरीवर आलंय माझ्या, आणि तुम्ही मला पाखरं उडतात म्हणून सांगता?”

“अगं, इथून जायची सवय आहे. जुनी वाट—”

“सवय! कुरणातून जायला पाय झिजतात का तुमचे? की पोरीची पाटी म्हणजे काय मोठीशी, असं आहे?”

“राहू दे. मी घरी जातो.”

“घरी नाही. चला माझ्याबरोबर. काय एवढं अवघड आहे त्या वाटेत, बघूच दे मला.”

दांडा खुंटांवर टाकून ती कुरणाकडे वळली आणि मागे न बघता धावायला लागली. धावता धावता बोलत होती. साहेब, टिटव्या, आई, सगळं त्यात येत होतं. मागून बाबांची पावलं ऐकू येत होती. पहिल्या बाणापर्यंत आल्यावर तिचा दम संपला, शब्दही संपले. ती गप्प धावत राहिली. थोड्या वेळाने लक्षात आलं, मागे पावलं वाजत नाहीत.

तिने वळून पाहिलं. बाबा वाट सोडून गुडघाभर गवतात उभे होते. दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरलेले. तोंड भलतीकडेच.

“बाबा, कुठे निघालात? इकडे.”

त्यांनी मान वळवली आणि हसले. ते तिच्याकडे बघून हसले नव्हते. तिच्या बाजूला बाणाचा खांब होता, त्याच्याकडे बघून हसले होते.

“एकदम गप्प का झालीस?” ते म्हणाले. “बोलत राहायचं ना.”

ती गवतातून त्यांच्यापर्यंत गेली. अगदी समोर, हाताच्या अंतरावर उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली आणि ते तिच्या कपाळाच्या आसपास कुठेतरी बघत राहिले.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. काचबिंदू म्हणतात त्याला. गेलं ते परत येत नाही, उरलंय तेवढं राखायचं, असं डॉक्टर म्हणाले.” त्यांनी टोपी काढून घाम पुसला. “उजेड-अंधार कळतो. जवळचं धुक्यातून दिसावं तसं दिसतं. काठावरून जाताना एका बाजूला पाणी चमकतं ना, तेवढं धरून मी जातो आणि तेवढंच धरून परत येतो. इथे सगळं एकसारखं हिरवं. पहिल्या दिवशी तुझी पाटी आहे म्हणून इकडून गेलो होतो. ऊन वर आलं तरी बाहेर पडायची वाट सापडेना.”

“आणि कोणाला हाक मारली नाहीत?”

“काय म्हणून मारू? आयुष्यभर बस चालवली आणि आता वाट चुकलो, असं सांगून?”

कुठून तरी एक टिटवी ओरडली. बाबांनी आवाजाच्या दिशेने कान दिला.

“आईला माहीत आहे?”

“थेंब कोण घालणार मग डोळ्यांत? तिला मी शपथ घातली होती. तुला कळलं असतं तर तू मला घरात बसवलं असतंस.”

ते खरंच होतं, तिने बसवलंच असतं. राग कुठे ठेवायचा ते तिला समजेना. तो कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. फक्त ज्याच्यावर काढायचा तो माणूस तिथे उरला नव्हता.

बाबांनी हळूच विचारलं, “माझ्या पायाखाली गेलं का गं काही?”

“नाही,” ती म्हणाली. “कडेला आहेत अंडी.”

तेवढ्यात वाटेवर धापा ऐकू आल्या. समोरून घड्याळवाला येत होता, एकटाच. वाट बंद केली म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडलेला तोच, पण फेरी मात्र कुरणातून. त्यांना पाहून त्याने वेग कमी केला नाही, पण अगदी जवळ आल्यावर थांबला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

“सापडला का तुमचा चोर?”

“तुम्ही नव्हता,” ती म्हणाली. “माझं चुकलं. दोरी मीच नीट—”

“मी होतो,” बाबा म्हणाले.

त्यांचं तोंड घड्याळवाल्याच्या खांद्याकडे होतं. “दांडा मी काढायचो. मुद्दाम नाही. मला दिसत नाही.”

शेवटचे शब्द त्यांनी असे उच्चारले, जणू पहिल्यांदाच बोलून बघत होते. घड्याळवाल्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मनगटाकडे बघायची सवय म्हणून त्याने घड्याळ पाहिलं आणि हात पाठीमागे नेला.

“काका, मग असं एकटं नका येत जाऊ,” तो अखेर म्हणाला. तिच्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, मला बोललात ते चारचौघांसमोर बोललात. माफी पण तिथेच मागा.”

“मागेन.”

तो निघून गेला. ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. माफी मागायची म्हणजे उद्या सगळ्यांसमोर बाबांचं नाव घ्यायचं, साहेबांना कळवायचं, संध्याकाळी आईसमोर बसायचं. एकाच सकाळी केवढं काय काय अंगावर येऊन पडलं होतं.

“काय गरज होती बोलायची?” ती बाबांवर खेकसली.

“तू स्वतःच्या अंगावर घ्यायला निघालीस म्हणून. चल, गार पडतंय अंग. परत जाऊ.”

“हात द्या.”

“हात नको. लहान पोर आहे का मी? तू पुढे हो, मी येतो.”

ती पुढे झाली. थोडं धावून तिने सांगायला सुरुवात केली, “डावीकडे ओल आहे. आता वळण. इथे जरा खडबडीत आहे.”

“अगं ए, हे असलं नको,” मागून बाबा म्हणाले. “मी काय बसमधला म्हातारा प्रवासी आहे? मघाशी कशी भांडत होतीस. तेच चालू दे.”

ती थांबली नाही. मग म्हणाली, “तुम्ही ना, माणूसच हट्टी आहात. लहानपणापासून बघतेय. कोणाचं ऐकून म्हणून घ्यायचं नाही. आई म्हणून राहिली तुमच्यापाशी, दुसरी कोणी असती तर...”

पावलं तिच्या मागे येत होती. जराशी चाचपडत, मग सरळ. वाट वळली तिथे तिने आवाज चढवला आणि पावलंही वळली. वर्षभराचा सगळा हिशेब तिने काढला. खोटं बोलणं, लपवणं, आईला गप्प बसवणं. बोलता बोलता शब्दांतला जोर जात चालला, तरी ती बोलत राहिली. एका ठिकाणी मात्र तिला पुढचं काही आठवेना.

“थांबू नकोस,” मागून बाबांचा धाप लागलेला आवाज आला. “आणखी काय काय केलं मी?”