काठीच्या मापाची झाडं

मुलांनो, जरा एक करून बघा. पाठीवर आडवे पडा आणि असं समजा, की आता उठायचं नाही. आज नाही, उद्या नाही, वर्षभर नाही. डावीकडे भिंत आणि उजवीकडे एक खिडकी. खिडकीला चार गज. जे काही जग दिसायचं, ते त्या चार गजांतून. पहिले दोन दिवस तुम्ही कंटाळाल. तिसऱ्या दिवशी कुणाशी तरी भांडाल. आणि मग, दुसरं काही करताच येत नाही म्हणून, बघायला लागाल. नुसतं नाही, अगदी नीट बघायला लागाल.

आपल्या गोष्टीतले अण्णा असेच बघायला लागले होते.

अण्णा एका सरकारी कार्यालयाचे माळी. एकतीस वर्षं त्यांनी तिथली बाग राखली. पुढे फुप्फुसांनी दगा दिला, चार पावलं चाललं तरी धाप लागू लागली, तेव्हा त्यांचा मुलगा त्यांच्या जागी लागला. कार्यालयाच्या फाटकाला लागूनच माळ्याचं दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांची खाट. खिडकीतून दिसायची ती कुंपणाच्या कडेची नऊ झाडं.

नर्सरीवाले त्या झाडाला क्रेप मर्टल म्हणतात. ताम्हणाची ही धाकटी बहीणच म्हणा ना. पाकळ्या गुलाबी, झालरीसारख्या चुरगळलेल्या. थंडीत पानं गळतात आणि पावसाळ्यात शेंड्याशेंड्याला फुलांचे तुरे येतात.

दरवर्षी थंडी सरता सरता या नऊ झाडांची छाटणी व्हायची. त्यासाठी अण्णांची एक काठी होती, माणसाच्या उंचीहून वीतभर जास्त. काठी खोडाशी उभी करायची आणि तिच्या वर जे काही असेल ते करवतीने उडवायचं. मनगटाएवढ्या जाड फांद्यासुद्धा! नऊच्या नऊ झाडं एका रेषेत, जणू कवायतीला उभी. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा अण्णा, काय एकसारखी केलीत!"

शुक्रवारची संध्याकाळ होती. अण्णांचा मुलगा उंबऱ्यात बसून कानशीने करवतीला धार लावत होता. त्याची दहा वर्षांची मुलगी खाटेच्या पायथ्याशी गृहपाठ करत होती. ती एका जागी पाच मिनिटं टिकत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

"उद्या सकाळी झाडं उरकतो," मुलगा म्हणाला. "सोमवारी वरचे साहेब येणार आहेत. हेडक्लार्क म्हणालेत, आवार चकाचक पाहिजे."

"यंदा कापू नकोस," अण्णा म्हणाले.

कानस थांबली. "काय?"

"कापू नकोस म्हटलं."

मुलाने आत हाक मारली, "अगं, अण्णांना ताप चढलाय का बघ जरा."

"ताप-बिप काही नाही," सूनबाई आतूनच म्हणाली. "सकाळपासून त्यांचं हेच चाललंय."

अण्णांनी दोन श्वास घेतले. त्यांचं प्रत्येक वाक्य असं दोन श्वासांनंतर यायचं. "अरे, एकतीस वर्षं मी ही झाडं कापली. पण बघितली कधीच नाहीत. कापून झालं की शिडी खांद्यावर टाकली आणि चाललो. या वर्षी पावसाळाभर बघत पडलो होतो. कापलं की तिथे मुठीसारखी गाठ होते. त्या एका मुठीतून वीस-वीस धुमारे फुटतात, केरसुणी उलटी धरल्यासारखे. काडीएवढी दांडी आणि तिच्यावर हा एवढा गुच्छ. भिजला की जड होतो आणि जातो चिखलात. तिसऱ्या झाडाच्या चार फांद्या माझ्या डोळ्यांदेखत मोडल्या रे."

"पण छाटलं की फुलं मोठी येतात, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवलं. गुच्छ मोठा येतो, हे खरंच आहे. पण त्याला पेलायला हात नको?"

"मग आजोबा, तुम्ही का कापत होता?" भिंगरीने वही मिटून विचारलं.

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पूर्वी इमारतीच्या भिंतीवर कार्यालयाची पाटी होती. झाडं वाढली तशी ती रस्त्यावरून दिसेना. तेव्हाचे साहेब म्हणाले, पाटी दिसली पाहिजे. मी पाटीच्या खालच्या कडेइतकी एक काठी तोडली आणि तेवढ्यावर झाडं कापली. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या वर्षी पुन्हा काठी काढली. मग काय, दरवर्षीच."

"कुठे आहे ती पाटी? मी तर कधी पाहिली नाही."

"ती काढून फाटकावर लावली. तू जन्मायच्याही आधी."

"मग पाटीच नाही, तर झाडं कशाला कापायची?"

मुलाने करवत भिंतीला टेकवली आणि तो उभा राहिला. त्याचा आवाज चढला. "एकतीस वर्षं तुम्ही कापलीत तेव्हा वाहवा, आणि माझी पाळी आली तर ती चूक! हेडक्लार्कना काय सांगू मी?"

"सांग, वडील चुकले."

"ते मी नाही सांगणार!" मुलगा म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "अख्खं ऑफिस तुमचं नाव काढतं, अण्णा. अण्णांसारखा हात नाही म्हणतात. मी त्यांच्यापुढे जाऊन सांगू, की माझ्या बापाला काही कळत नव्हतं? माझी जीभ झडेल."

वाचकहो, तुम्हीच सांगा, या मुलाला वाईट म्हणायचं का? वडिलांवर त्याचं प्रेम होतं, आणि त्या प्रेमापायीच तो करवत खाली ठेवायला तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिडी घेऊन बाहेर पडला. अण्णांनी भिंगरीला जवळ बोलावलं. "पाण्याच्या टाकीमागे जा. तिथे दहावं झाड आहे. अडचणीची जागा, शिडी लागत नाही, म्हणून मी ते कधी कापलंच नाही. कसं आहे, मला येऊन सांग."

भिंगरी धावत गेली आणि धावतच आली. "आजोबा, ते आपल्या झाडांसारखं नाहीच! खोड एकदम गुळगुळीत आहे, दालचिनीच्या रंगाचं. फांद्या खाली जाड, मग बारीक, मग आणखी बारीक. एकसुद्धा मूठ नाही. आणि मोडलेलं काही नाही."

अण्णांनी डोळे मिटले. "हो ना? मला वाटलंच होतं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं. आपल्याच चुकीचा पुरावा मिळाला म्हणून माणूस सुखावतो आणि रडतोही. ते दोन्ही एकदम कसं होतं, ते भिंगरीला तेव्हा कळलं नाही.

ती बाहेर पळाली. "बाबा, एकदा टाकीमागे या ना!"

"बाजूला हो, फांदी पडेल अंगावर."

करवत पहिल्या झाडाच्या मुठीत शिरली. एक ओढ, दोन ओढी, आणि तिसऱ्या ओढीला काड् करून ती मूठ आपोआपच सुटली! तोल गेला, शिडी सरकली, तो कसाबसा फांदीला लोंबकळून खाली उतरला. भिंगरी किंचाळली. पायाशी पडलेली मूठ त्याने उचलली आणि उलटी केली. अरेरे! आत लाकूड नव्हतंच. काळा, ओला भुसा होता आणि त्यातून मुंग्यांची रांग लागली होती. वरून धडधाकट दिसणारं ते झाड आतून असं पोखरलं होतं!

ती मूठ हातात घेऊनच तो टाकीमागे गेला. तिथे किती वेळ उभा होता, कोण जाणे. परत आला तेव्हा ती मूठ त्याने खाटेच्या कडेला ठेवली.

"पोकळ आहे, अण्णा."

"पाणी शिरतं. एवढी मोठी जखम, ती भरणार कधी? भरायच्या आत पुन्हा त्याच जागी आपला घाव."

"मग आता करू काय? सांगा."

तेव्हा अण्णांनी शिकवलं. दोन-दोन श्वास घेत, थांबत थांबत. आधी सुकलेलं काढ. मग एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपैकी एक काढ. आत वळलेली काढ, म्हणजे मधून वारा खेळेल. बुडाशी येणारे फुटवे उपट. फांदी काढायची तर जिथून निघाली तिथपासून, पण तिथल्या फुगीर वळीच्या, म्हणजे सालीच्या कड्याच्या, बाहेरून. खुंटी ठेवायची नाही. अंगठ्याहून जाड फांदीला हात लावण्याआधी स्वतःला तीनदा विचार, का? आणि या मुठींचं? प्रत्येक मुठीवर बाहेर झुकलेले, चांगले, दोनच धुमारे ठेव. बाकीचे काढ. ते दोन पुन्हा शेंड्याला कधी कापू नकोस. तीन-चार वर्षांनी ते फांद्या होतील.

"तीन-चार वर्षं?" मुलगा म्हणाला आणि त्याची नजर वडिलांवर गेली.

"हो. मला दिसायचं नाही ते. तू बघ."

दुपारी हेडक्लार्क आले. आठ झाडं हिरमुसल्यासारखी, दोन-दोन काड्या वर करून उभी होती. नववं अजून राहिलं होतं. "हे काय? ही काय छाटणी म्हणायची? पिसं उपटलेल्या कोंबड्या दिसतायत! सोमवारी साहेब येतायत आणि तुझी ही तऱ्हा? नियम माहीत नाही का तुला?"

"कुठला नियम, साहेब?"

"कुठला म्हणजे? उंचीचा. पूर्वीपासून आहे."

"अहो, तो नियम म्हणजे मी!" खिडकीतून आवाज आला. अण्णा गज धरून कसेबसे उठून बसले होते. "मीच तो... नियम. बाकी काही नाही." पुढे खोकल्याने त्यांना बोलू दिलं नाही.

हेडक्लार्क मुलाकडे वळून म्हणाले, "म्हातारपणी होतं असं. तू तरी शहाणपणा कर."

मुलगा ताठ उभा राहिला. "नाही साहेब, अण्णा शुद्धीवर आहेत. अण्णा चुकले होते. मीही चुकणार होतो."

हे वाक्य बोलताना त्याची मान खाली गेली नाही, हे भिंगरीने पाहिलं.

सोमवारी साहेब आले, चहा घेतला आणि गेले. झाडांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तरी मंगळवारी मुलाच्या हातात मेमो पडलाच.

अण्णा उन्हाळ्यापर्यंत होते. धुमारे बोटभर वाढले तेवढे त्यांनी पाहिले. एका सकाळी सूनबाई दूध घेऊन गेली, तर ते खिडकीकडे तोंड करून शांत पडले होते. त्या पावसाळ्यात झाडांना फुलं थोडीच आली, लहान आली. ऑफिसातले लोक येता-जाता टोमणे मारत, "बापाचा हात काही पोराला आला नाही." मुलगा ऐकून घ्यायचा. पण एकही तुरा चिखलात पडला नाही, हे मात्र कुणी बोललं नाही.

मुलांनो, चांगल्या कामाचं बक्षीस लगेच मिळतं असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. कधी ते मिळायच्या आधीच माणूस जातो. पण एक गोष्ट पक्की धरा. आपल्या घरात, ऑफिसात, गल्लीत अशा कितीतरी काठ्या आहेत. त्या कशासाठी तोडल्या, ते कारण कधीच संपलं, आणि आपण मात्र माणसांना, मुलांना, झाडांना त्यांच्या मापाने कापत सुटलो आहोत. "पूर्वीपासून आहे" हे काही उत्तर नाही. आणि वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांची चूक पुढे चालवायची, असं नाही. त्यांनी ती कबूल केली असेल, तर ती कबुलीही त्यांनी मागे ठेवलेला वारसाच आहे.

पुढच्या वर्षी थंडी सरत आली. एके दिवशी मधल्या सुट्टीत भिंगरी शाळेच्या पटांगणात आली, तर शाळेचे माळीकाका शिडीवर. तिथेही तीच झाडं, तसाच करवतीचा आवाज. फांद्या खाली पडत होत्या आणि मुलं त्या तलवारीसारख्या फिरवत होती.

"माळीकाका, तिथेच का कापता?" भिंगरीने खालून विचारलं.

"तिथेच कापतात."

"कुणी सांगितलं?"

"घ्या! हिला माहीत नाही!" माळीकाका हसले. "तुझ्या आजोबांनी. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, पोरी. असा माळी पुन्हा व्हायचा नाही."

मुलं गोळा झाली होती. तिच्या वर्गाच्या बाईही व्हरांड्यात येऊन उभ्या होत्या. हसून पुढे जाणं किती सोपं होतं! आजोबांचं नाव तसंच राहिलं असतं, सगळ्यांच्या तोंडी.

भिंगरीने डोळे पुसले, मान वर केली आणि व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझे आजोबा चुकले होते. त्यांनी स्वतः मला सांगितलंय. खाली या काका, कसं कापायचं ते मी दाखवते."