हत्याराला हात

अन्सारने दुकानाच्या दारात गोणपाट अंथरलं, त्यावर लेथवर हत्यार पकडून ठेवणारे दोन टूलपोस्ट मांडले आणि मोतीरामला म्हणाला, "नीट बघून घे, भाऊ. एकदा लेथवर बसला की जन्माची गाठ."

दूध बाजारामागच्या त्या बोळात अन्सार ऑइल इंजिनं दुरुस्त करी. इगतपुरीच्या रेल्वे शेडमध्ये पंचवीस वर्षं लेथवरचा टर्नर म्हणून काढलेला माणूस, त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात शेवटचा. मोतीराम तांबट आळीतला. पितळेची भांडी चरकावर चढवून तासायची हा त्याचा बापजाद्यांचा धंदा. चरकावर भांडं गरगर फिरतं, पण तासायचं हत्यार माणसाच्या हातात असतं, बगलेत दाबून धरलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात चरकाच्या पट्ट्यात सापडला. हाड जुळलं, पण मनगटाखालची पाची बोटं लुळी पडली ती पडलीच. धंदा धाकट्या भावाने, सावळीरामने सांभाळला आणि मोतीराम दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे रामराम घेऊ लागला. हाताचं कुणी विचारलं की म्हणे, हलतील बोटं उद्यापरवा. चाळिशीच्या कारागिराला याहून वाईट शिक्षा सरकारलाही सुचली नसती.

त्या भाद्रपदात देवळाली कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला. फावल्या वेळात खेळण्यातली इंजिनं करायचा त्याला नाद होता, त्यासाठी लोखंड तासायचा, पायाने चालवायचा छोटा लेथ त्याने बाळगला होता. मोतीरामने तो विकत घेतला आणि बैलगाडीत घालून घरी आणला. टूलपोस्ट आणि हत्यारांची पेटी मात्र साहेबाच्या बांधाबांधीत कुठेतरी गहाळ झाली होती.

आळीने तोंड सोडलं. पितळ सोडून हा लोखंडाच्या वाटेला कशाला जातो, असं जो तो विचारी. लेथवर हत्यार हातात धरायचंच नसतं, हे मोतीरामने कॅम्पात डोळ्यांनी पाहिलं होतं. ते टूलपोस्टात आवळायचं आणि चाक फिरवून पुढे न्यायचं, बस्स. पाय धड होते, डावा हात धड होता. घरात उजाडल्यापासून दिवा मालवेपर्यंत त्याला बायकोचा, गोजराबाईचा हात लागे. सदऱ्याच्या गुंड्या तीच लावी, धोतराचा काष्टा तीच घाली, भाकरीही तीच कुस्करून देई. ती तोंडातून चकार शब्द काढत नसे आणि तेच त्याला जास्त लागे. जगात एक हातभर जागा तरी अशी हवी, जिथे दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. त्याला लेथ हवा होता तो एवढ्यासाठी.

"हा एकखांबी," अन्सार म्हणाला. "एक हत्यार, एक स्क्रू. हत्याराखाली पातळ पट्ट्या घालायच्या, त्याचं टोक बरोबर गजाच्या मध्यावर आणायचं, स्क्रू आवळायचा. हत्यार बदललं की पुन्हा पहिल्यापासून. आणि हा चौमुखी. चार तोंडं, चार हत्यारं. एक भरड कापायचं, एक सफाईचं, एक कोपऱ्याचं, एक तोडायचं. सुरुवातीला याहून जास्त घेऊ नकोस, हौशी माणूस पेटी भरतो नि वापरतो दोनच. चारही एकदा लावून घेतली की महिना-दोन महिने नुसता दांडा सैल करायचा, फिरवायचा, आवळायचा. डाव्या हाताने होतंय."

"लावून घेतली म्हणजे?"

"म्हणजे बसवायला दोन हात लागतात, भाऊ. वहिनींना सांग. मी दाखवतो त्यांना."

मोतीरामचा चेहरा उतरला. तांबटाच्या घरात सगळं उसनं मिळेल, हातोडा मिळेल, भातासुद्धा मिळेल, पण आपली तासणी, तासायचं हत्यार, कुणी दुसऱ्याला शिवू देत नाही. बायकांनी तर नाहीच. खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली की मोतीरामची आई अक्षता वरून टाकायची, बोट लावायची नाही. गोजराबाईही तेच शिकली होती.

"एकखांबी दे," तो म्हणाला.

"अरे, ऐकून तर घे..."

"अन्सारभाई, दे म्हणतो ना."

अन्सारने एकखांबी आणि चार हत्यारं फडक्यात बांधून दिली. मोतीराम कोपऱ्यावर वळेपर्यंत तो त्याच्या लोंबत्या हाताकडे बघत राहिला.

मागच्या पडवीत लेथ उभा होता. मोतीरामने दार लोटून घेतलं. लोखंडाचा अंगठ्याएवढा जाड गज कोपराने रेटून त्याने लेथच्या फिरत्या चकाच्या तीन दाढांत धरला आणि डाव्या हाताने किल्ली फिरवली. जमलं! एवढ्यानेच त्याला घाम फुटला होता, आणि आनंदही झाला होता. मग पट्ट्यांवर हत्यार ठेवून त्याने स्क्रू आवळला. हत्याराचं टोक गजाच्या मध्यापेक्षा केसभर खाली राहिलं. त्याने ते मुद्दामच तसं राहू दिलं, कारण पितळेला तसंच धरायचं असं बापाने शिकवलं होतं. त्याने पाय मारला. गज फिरला, हत्यार लागलं, दोन छिलके उडाले आणि मग कड्‌कन आवाज झाला. गज हत्यारावर चढून बसला होता आणि हत्याराचं टोक तुटून कुठेतरी उडालं होतं.

दुसरा कुणी असता तर हताश झाला असता. मोतीरामला हायसं वाटलं. चूक पितळेच्या सवयीची होती, हाताची नव्हती. सवय काय, मोडता येते. त्या दिवशी तो पोटभर जेवला. गोजराबाईने भाकरी कुस्करली तेव्हा त्याने मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी हत्यार बरोबर मध्यावर लावायचं ठरवून तो बसला. आता गोम कळली. पट्ट्या धराव्यात तर हत्यार निसटे. हत्यार धरावं तर स्क्रू फिरवायला हात उरत नसे. लुळ्या हाताचं मनगट त्याने हत्यारावर ओझ्यासारखं ठेवून पाहिलं. स्क्रू आवळला जाई तसतसं हत्यार मान टाकी आणि खालची पट्टी पुढे सरके. त्याने पट्टी दातात धरून पाहिली. कपाळाने हत्यार दाबून पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुसरं टोक तुटलं. चौथ्या दिवशी गजाचं तोंड कसंबसं तासून झालं तेव्हा बरोबर मधोमध एक टिंब उरलं होतं. हत्यार मध्यावर नसलं की ते उरणारच. बोटाला चांगलं खुपेल एवढं ते टिंब होतं आणि मोतीराम त्यावर डाव्या हाताचा अंगठा घासत कितीतरी वेळ बसला.

मग तो तरातरा दूध बाजारात गेला. एकखांबी गोणपाटावर आपटून म्हणाला, "याचा स्क्रूच वाकडा आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, असं अन्सार दुसऱ्या कुणाला तोंडावर म्हणाला असता. मोतीरामला म्हणाला नाही. त्याने स्क्रू फिरवून पाहिला, फुंकर मारून पुसला आणि चौमुखी काढून फडक्यात बांधला. मग फूटपट्टीच्या जाडीची पोलादाची एक पातळ पट्टी आणली.

"हे बघ. गज आणि हत्याराचं टोक यांच्यामध्ये ही पट्टी हलकेच चिमटायची. पट्टी सरळ उभी राहिली तर हत्यार मध्यावर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर हत्यार खाली आहे. पलीकडे झुकलं तर वर आहे. शेडमध्ये गोरे फोरमनही असंच बघायचे. शिकलेलं माणूस लागत नाही, मोतीराम. नजर लागते आणि दोन हात लागतात."

"मी तुझ्याकडे हात मागायला आलो नाही."

"ठाऊक आहे मला," अन्सार शांतपणे म्हणाला. "मागत नाहीस म्हणून तर एवढं बोलावं लागतं."

मोतीरामने फडकं घेतलं. घरी येऊन ते पडवीत फेकलं आणि त्यानंतर पंधरा दिवस तिकडे फिरकला नाही. पायरीवर पुन्हा रामराम सुरू झाले. कुणी विचारलं, लेथ कसा काय, तर म्हणायचा, बसवतोय. सावळीरामने एकदा चाचरत म्हटलं, "दादा, मी मदत करू का?" त्यावर तो असा काही बोलला की सावळीराम दोन दिवस त्याच्यासमोर आला नाही.

खंडेनवमी आली. गोजराबाईने पाट मांडला. सावळीरामच्या तासण्या, हातोडे, आणि शेजारी लेथची ती चार हत्यारं. तिने वरून अक्षता टाकल्या. चारांपैकी दोहोंची टोकं तुटलेली तिला दिसली. अक्षता टाकणारा तिचा हात क्षणभर अधांतरी राहिला. मोतीरामने ते पाहिलं आणि त्याला तिची भयंकर कीव आली. पडवीतून चार दिवस काय काय आवाज आले असतील ते हिने चुलीपुढे बसून ऐकलं होतं. दाराला हात लावायची हिला सोय नव्हती.

दसऱ्याला सकाळी पूजेतली हत्यारं उचलायची असतात. मोतीराम पडवीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "अगं, जरा इकडे ये."

ती पदराला हात पुसत आली.

"ते धड उरलेलं भरड हत्यार उचल."

"मी?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने तिला देव्हारा ओलांडायला सांगितलं होतं. "अहो, भलतंच काय! सणासुदीचं..."

"उचल म्हणतो ना. हात लाव."

तिने उचललं, विस्तव उचलावा तसं. त्याने चौमुखी लेथवर बसवून ठेवला होता. पट्ट्या कुठे घालायच्या, हत्यार कुठे धरायचं, ते त्याने सांगितलं. तिने एका हाताने पट्ट्या आणि हत्यार दाबून धरलं, दुसऱ्याने पाना फिरवला. मग त्याने अन्सारची पोलादी पट्टी तिच्या हातात दिली आणि स्वतः डाव्या हाताने चाक फिरवून हत्यार गजापाशी नेलं. पट्टी चिमटली गेली. तिचं वरचं टोक त्यांच्याकडे झुकलं.

"खाली आहे," ती त्याच्या आधी म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"दिसतंय की. आणखी एक पातळ घालू का?"

तिने आणखी एक पातळ पट्टी घातली. मग ती काढून दुसरी, अजून पातळ. तिसऱ्या खेपेला पोलादी पट्टी ताठ उभी राहिली. गोजराबाईने पाना घट्ट आवळला आणि बाजूला सरकली. मोतीरामने पाय मारला, चाक फिरवलं. लोखंड सोललं जाऊ लागलं, लांब, निळसर छिलके सलग खाली पडू लागले. त्याने लेथ थांबवला आणि गजाच्या तोंडावर अंगठा फिरवला. मधोमध काहीच नव्हतं. गुळगुळीत.

दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. त्याला वाटलं होतं, या क्षणाला आपण हसू, आळीत ओरडून सांगू. पण त्याला स्वच्छ कळलं, हे आता असंच, तिच्या हातानेच होणार. उद्याही असंच, मरेपर्यंत असंच. बोटं उद्या परवा हलतील, या आशेवरच तो आजवर कुणाला जवळ येऊ देत नव्हता. ती आशा आता त्याच्यापाशी उरली नाही. डोळे भरून आले तरी आवाज शांत होता.

"माझा हात गेला गं, गोजरे," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कधी निघाले नव्हते.

गोजराबाई मटकन खाली बसली, पाना हातातच राहिला, आणि ती रडायला लागली. हुंदके देऊन, तोंडाला पदर न लावता. दोन वर्षं तिला रडायची मुभाच नव्हती. जो गेलाच नाही असं घरधनी म्हणत होता, त्या हातासाठी ती कशी रडणार? मोतीराम कधी तिच्याजवळ असा बसला नव्हता. आज तो छिलक्यांत, धोतराला तेल लागेल याची पर्वा न करता, तिच्या शेजारी बसला आणि ती रडायची थांबेपर्यंत तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिला.