चेहरा नसलेले फोटो

टीव्हीची वायर तिने भिंतीतून उपटून काढली, तेव्हा कुठे ते फोटो थांबले. रिमोट दाबून काही होत नव्हतं. एकामागून एक उघडे खांदे, सपाट झालेली छाती, टाक्यांचे व्रण पडद्यावर सरकत होते आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहून येत होतं, ‘तुमचे सुंदर क्षण’. नवऱ्याने मान केव्हाच वळवली होती. नणंद मात्र चहाचा कप हातात धरून विझलेल्या पडद्याकडे पाहत राहिली.

आजारात स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी ती आतले कपडे शिवायची. रिकाम्या बाजूला मऊ भर घालून, जिच्या तिच्या अंगाप्रमाणे. बेतताना चूक होऊ नये म्हणून त्यांना विचारून फोटो काढायची, चेहरा कधीच न घेता. काम झालं की पुसून टाकीन, असा शब्द द्यायची आणि तो पाळायची. आत्ता दिसलेल्यांपैकी कितीतरी फोटो तिने स्वतःच्या हाताने पुसले होते.

“हे टीव्हीवर आलंच कसं?”

“घरातल्या सगळ्यांचे फोटो आता एकत्र होतात,” नवरा म्हणाला. “परवा अपडेट आलं, तेव्हा तू ओके दाबलं असशील.”

“ओके दाबल्याशिवाय फोन उघडतच नव्हता!”

“म्हणजे दाबलंस.”

ती शिवणाच्या खोलीत गेली आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसून सेटिंग शोधू लागली. सापडलं, बंद केलं. फोनने विचारलं, नक्की का? नक्की. बंद केल्यास काही सोयी मिळणार नाहीत. नकोत. मग दोन बटणं आली, ‘चालू ठेवा’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ कुठेच नव्हतं. वैतागून तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी बोलू लागली.

“मॅडम, हे तुमच्या सोयीसाठीच आहे.”

“माझं कपाट उघडून कपडे दिवाणखान्यात पसरायचे आणि वर सोय म्हणायचं?”

“मॅडम, शांतपणे बोला. हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

“करा! तेवढंच राहिलं होतं. मला एवढंच सांगा, पुसलेले फोटो परत आले कुठून?”

“ते तुम्ही तुमच्या फोनमधून पुसले होते, मॅडम. आमच्याकडून नाही.”

मुलगी हे इतक्या गोड आवाजात म्हणाली की तिने फोनच ठेवून दिला.

बायकांना कळवायला हवं होतं, आणि ते फोनवर सांगणं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी ती आधी त्यांच्यापैकी एका, शाळेत शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. बाईंनी दारातच सगळं ऐकून घेतलं.

“चेहरा नव्हता ना?”

“नव्हता.”

“कोणी पाहिले?”

“माझ्या नवऱ्याने. आणि नणंदेने.”

बाई उंबऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, “माझ्या नवऱ्यानेही अजून पाहिलेलं नाही.” आणि त्यांनी आवाज न करता दार लावून घेतलं.

पुढच्या घरी जायचं त्राण तिच्यात उरलं नाही. ती परतली तेव्हा शिवणाच्या खोलीत नणंद बसली होती. तिला पाहताच ती उठली आणि कडी लावून आली.

“ताई, कालच्याबद्दल काही बोलू नका. माझं डोकं आधीच फिरलंय.”

“बोलायचंच आहे.” नणंद पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “वहिनी, त्या बायका... त्या हिंडतात-फिरतात? कामाला जातात?”

“जातात की. एक तर शाळेत शिकवते.”

“मला वाटायचं, त्यानंतर काही उरतच नाही. म्हणून कोणाला सांगितलं नाही.”

नणंदेने ब्लाऊजचं वरचं बटण काढलं आणि तिचा हात धरून काखेजवळ नेला. बोटांखाली काहीतरी कडक लागलं. ती दचकली नाही. कापड चाचपावं तसा तिने हात तिथेच ठेवला.

“डॉक्टरांकडे आत्ताच जाऊ,” ती म्हणाली. “मी येते बरोबर.”

नणंदेने मान डोलावली. पण बटण लावायला तिची बोटं वळेनात, तेव्हा वहिनीनेच ते लावून दिलं.