सातवी प्रत

मी एक जुनी नमुना उत्तरपत्रिका आहे.

छे, चुकलं. खोडते. मी नमुना उत्तरपत्रिकेची सातवी प्रत आहे. सातवी सहावीवरून निघाली, सहावी पाचवीवरून. अशी एकेक पायरी उतरत गेलात, मित्रांनो, की तळाशी पहिली भेटते. ती कुणावरून निघालेली नाही, हाताने लिहिलेली आहे. गणितात याला आवर्ती संबंध म्हणतात. प्रत्येक पद मागच्यावरून काढायचं, पण पहिलं पद हाताशी हवं. तेच कुलुपात गेलं, तर खालच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

प्र. १. जन्म कसा झाला? (२ गुण)

मूळ प्रत मोठ्या बाईंनी लिहिली. त्या विविक्त गणित, म्हणजे तर्काची विधानं आणि आकड्यांच्या मालिका, शिकवायच्या. कागद लांब, शाई निळी, आणि अगदी तळाला एक ओळ: 'समतुल्य उत्तरास पूर्ण गुण द्यावेत.' खाली दोन रेघा. हे मला खुद्द मूळ प्रतीनेच सांगितलं. एका फायलीत आम्ही सहा महिने पाठीला पाठ लावून होतो, मग ती बाईंच्या कपाटात गेली.

मूळ प्रत पहिल्यांदा झेरॉक्सच्या यंत्रावर ठेवली, तेव्हा लांब कागद संपले होते.

"तळाची एक ओळ जातेय. चालेल का?" यंत्रवाल्याने विचारलं.

"सही-बिही असेल. उरक रे बाबा, साहेब डोक्यावर बसलेत," शिपाईकाका म्हणाले.

त्याने उरकलं. एक ओळ गेली, आणि पुढच्या सगळ्यांची गेली.

प्र. २. कार्यकाळाचे वर्णन करा. (४ गुण)

बाई निवृत्त झाल्या, नवे सर आले, प्रश्न मात्र दर वर्षी तेच राहिले. ते मला डाव्या हाताला ठेवायचे, पोरांचा पेपर उजव्या हाताला, आणि पट्टी खाली सरकवत जायचे. जुळलं की बरोबर, नाही जुळलं की काट. "ही आहे म्हणून डोक्याला ताप नाही," असं ते चारचौघांत म्हणायचे. मी फुगून जायचे. त्या फुगण्याचे गुण कापा, मित्रांनो. माझं कौतुक होत होतं ते डोकं वापरावं लागत नाही म्हणून.

प्र. ३.

याला गुण लिहू नका.

कंडक्टरताई. दिवसभर बसमध्ये तिकिटं फाडायची आणि संध्याकाळी वर्गात बसायची. याच विषयात दोनदा गचकलेली. डेपोत वेळापत्रक बसवायच्या टेबलावर एक जागा निघाली होती. पदवी हवी होती, आणि पदवीला हा एकच विषय आडवा पडला होता. तिसऱ्या खेपेला ती चार गुणांनी राहिली. पेपर बघायला मागून ती सरांसमोर खुर्ची ओढून बसली. डेपोची मुदत त्याच दिवशी संपत होती.

"सर, 'तिकीट नसेल तर प्रवास नाही' या विधानाचं समतुल्य विधान विचारलंय. मी लिहिलं, 'एक तर तिकीट आहे, नाहीतर प्रवास नाही.' काय चुकलं?"

सरांनी माझ्यावर बोट ठेवलं. "इथे 'प्रवास असेल तर तिकीट आहे' असं दिलंय."

"दोन्ही एकच की! अहो, चौदा वर्षं मी हेच तर करतेय. कुठल्याही बाजूने धरा, फुकट्या तोच सापडतो."

सर हसले, पण पेन उचललं नाही.

"बरं, हे बघा. एक, तीन, सात, पंधरा. नियम लिहा म्हणाले. तुमच्या कागदावर आहे मागच्या पदाची दुप्पट अधिक एक. मी लिहिलं, मागच्याची तिप्पट वजा त्याच्या मागच्याची दुप्पट. पहिली दोन पदं एक आणि तीन, तीही लिहिलीत. घ्या, पुढचं काढा."

सरांनी मला उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर आकडेमोड केली. एकतीस. दुसऱ्या नियमानेही एकतीस. त्रेसष्ट. त्रेसष्ट.

"चार-पाच पदं जुळली म्हणजे सगळी जुळतात असं नसतं, ताई."

हे मात्र सरांचं बरोबर होतं. ताईनेही मान डोलावली आणि त्यांच्या हातातलं पेन घेऊन माझ्या पाठीवरच लिहायला घेतलं. "तुमच्या नियमाने दोन शेजारच्या पदांमधला फरक दर वेळी दुप्पट होतो. बरोबर? माझ्या नियमानेही तेच होतं. सुरुवात एक, वाढायची रीत एक, मग फाटे फुटतील कुठे?"

सरांनी माझ्या पाठीवरच्या त्या दोन ओळी स्वतः सोडवून बघितल्या. मग हळूच म्हणाले, "पटलं. पण समतुल्य उत्तर धरा, असं लिहिलंय कुठे? मी मनाने गुण दिले तर उद्या मलाच जाब विचारतील."

"मोठ्या बाईंनी लिहिलेली मूळ प्रत असेल ना?"

"त्या कपाटात असेल. पण चावी बाईंबरोबरच निवृत्त झाली."

कपाट चार हातांवर होतं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडून छप्पर उडवलं असतं! कुलूप फोडा, बाईंना फोन करा, काहीतरी करा! मी टेबलावर पालथी पडून होते. अंगावर तिची सिद्धता होती, आणि माझ्याच नावाने ती नापास होत होती.

ताई घड्याळ बघून उठली. "चालू द्या. गाडी सुटायची वेळ झाली."

टेबल दुसऱ्याला मिळालं. चौथ्या खेपेला तिने माझीच वाक्यं लिहिली, शब्दाला शब्द. पैकीच्या पैकी गुण पडले. सरांनी शेरा दिला, 'उत्तम प्रगती.' निकाल न्यायला ती गणवेशातच आली होती. शेरा वाचून तिने कागदाची घडी केली आणि खांद्याच्या चामडी पिशवीत सुट्या नाण्यांखाली कोंबली.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. चुलीत घाला हवं तर. एवढंच करा: शेजाऱ्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं दिसलं, तर लाल पेन खाली ठेवा आणि दोन ओळी स्वतः सोडवून बघा. सरांना तेवढ्या ओळी सोडवायला एका चहाइतकाही वेळ लागला नव्हता. कंडक्टरताईचं टेबल मात्र गेलं, ते गेलंच.