दोन पदरांतली पिन

मोरवेन चौथऱ्यावर चढली, परीक्षकांना लवून अभिवादन केलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. तिच्या किल्टची, म्हणजे पुढे दोन पदर एकावर एक येणाऱ्या चौकड्यांच्या स्कॉटिश घागऱ्याची, पिन वरच्या पदरातून खालच्या पदरातही आरपार गेली होती.

पिन लावायची ती फक्त वरच्या पदराला. तिच्या वजनानं कापड खाली राहतं आणि पाय मोकळा पडतो. माझ्या नाचाच्या वर्गातल्या सगळ्यात लहान मुलीलाही हे ठाऊक आहे. पण मोरवेनची आई इस्पितळात होती, म्हणून आज तिला तिच्या बाबांनी, टॉर्क्विलनं, तयार केलं होतं. तो फेरीबोटीवरचा खलाशी. माझ्याशेजारी उभा राहून कौतुकानं सांगत होता, की खाडीवरून वारा फार सुटलाय, म्हणून पिन चांगली घट्ट मारलीय.

"बाई, आता वादळ आलं तरी पदर उघडायचा नाही."

तिला थांबवायला आता उशीर झाला होता. बॅगपाइपवाल्यानं सूर धरला होता. फळ्यांवर दोन तलवारी एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या. त्यांच्यामधल्या जागेत पावलं टाकत नाचायचं. तलवार सरकली की बाद. हिवाळाभर आम्ही याच नाचासाठी घाम गाळला होता.

पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत गुडघा बाहेर वळला, कापड ताणलं आणि तिचा बूट पात्याच्या अगदी जवळून गेला. मोरवेननं खाली पाहिलं. तिला कळलं. मग तिनं बाबांकडे पाहिलं. तो हसून मान डोलावत होता.

पिन काढायला थांबली असती तर बाद. पावलं आखडती घेतली असती तर तोल गेला असता. आणि आता चाल जलद होणार होती; त्यासाठी टाळी तिनंच द्यायची होती.

तिनं टाळी दिली. पाइप धावू लागला. मोरवेननं उंच उडी घेतली, गुडघा पुरता बाहेर फेकून. टर्रकन आवाज आला. टॉर्क्विलचा हात माझ्या दंडावर घट्ट आवळला गेला. वरचा पदर वाऱ्यावर फडफडत राहिला आणि ती शेवटच्या ठोक्यापर्यंत नाचली.

तलवारी जागच्या हलल्या नाहीत.

ती खाली आल्यावर टॉर्क्विलनं खालच्या पदराचं फाटलेलं भोक बोटानं चाचपलं.

"हे माझ्यामुळं झालं?"

"वाऱ्यामुळं, बाबा."

अजून एक नाच बाकी होता. त्यानं पिन पुन्हा दोन्ही पदरांतून घट्ट लावायला हात पुढे केला. मोरवेन एक पाऊल मागे सरली.

"राहू द्या. उडू दे."